बोटांचा हिशेब



वसंतातील व्याख्याने म्हटली की संतवाङ्मय, नाटक, प्रवास, फार झाले तर शिवकाल, असे विषय डोळ्यांपुढे येतात. यंदा चालकांनी माझ्यासारख्या कारखान्यात हातोडी धरलेल्या आणि पुढे संघटनेच्या कामात पडलेल्या माणसाला उभे केले, तेव्हा मी त्यांना विचारले, "मी बोलू तरी कशावर?" ते म्हणाले, "जे रोज करता त्यावर." मी रोज जे करतो त्यातला बराचसा भाग म्हणजे तुटलेल्या बोटांचा, मोडलेल्या पायांचा आणि गेलेल्या माणसांचा हिशेब मांडणे. म्हणून आज त्या हिशेबाचाच इतिहास सांगतो. मी इतिहासाचा विद्यार्थी नव्हे. जे वाचले ते पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके घेऊन, शब्दकोश मांडीवर ठेवून वाचले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा ठेवू नये.

हा धडा मला प्रथम दौंडला मिळाला. तिथे रेल्वेतून निवृत्त झालेले एक वृद्ध शंटर होते. डबे जोडताना दोन बफरांच्या मध्ये सापडून त्यांचा खांदा कायमचा वाकडा झालेला. मी त्या वेळी पंचविशीत होतो आणि कामगारांचे प्रश्न म्हणजे घोषणा आणि मोर्चे, एवढीच माझी समजूत होती. त्यांनी मला जवळ बसवून सांगितले, "बाळा, माणूस पडला की आधी वहीत लिहायला लाव. मग दवाखाना, मग रडारड. वहीत नाही तो पडलाच नाही." मला तेव्हा हे बोलणे क्रूर वाटले. दवाखान्याच्या आधी वही? आज तीस वर्षांनंतर त्यांचा क्रम मी तसाच पाळीत नाही, दवाखाना पहिलाच. पण वही त्याच दिवशी. याचे कारण पुढे येईलच.

दौंडचे नाव निघाले म्हणून तिथूनच सुरुवात करू. पुण्याहून दौंडवरून दिकसाळपर्यंतचा लोहमार्ग १८५८ च्या डिसेंबरात सुरू झाला. मनमाडकडे जाणारा फाटा १८७८ साली सुरू झाला आणि धोंड हे साहेबी स्पेलिंगातले गाव जंक्शन बनले. तो काळ मोठ्या दुष्काळाचा. खडी आणि माती वाहायला माणसे स्वस्त होती. मुंबईहून पुण्याकडे येणाऱ्या मार्गातला बोरघाट मात्र १८६३ पर्यंत खुला झाला नव्हता. १८५६ साली तिथे काम सुरू झाले आणि १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांवर माणसे त्या एका घाटात खपत होती. सुरुंग, दरड, कडे, आणि त्याहून भयंकर म्हणजे पटकी. किती माणसे मेली याचा आकडा कोणी दहा हजारांच्या घरात सांगतो, कोणी पंचवीस हजारांच्या. आकड्यांमध्ये इतके अंतर पडते याचाच अर्थ असा की कोणी मोजलेले नाही.

त्याच घाटातील एक गोष्ट मला नेहमी आठवते. सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज ठेकेदार १८५९ साली काम हाती घेण्यास आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला. त्याची विधवा ॲलिस हिने ठेका सोडला नाही. अनुभवी माणसे हाताशी धरून तिने काम पुढे चालविले. बाई धीराची, यात शंका नाही, आणि तिचे नाव इतिहासात राहिले हे योग्यच झाले. पण सुरुंगात गेलेल्या पाथरवटाची विधवा? तिचे नाव राहिले नाही, आणि तिच्या पदरात काय पडले तेही कोठे नोंदलेले नाही. आपण लोणावळ्याला जाताना ज्या बोगद्यांतून जातो त्यांचा खर्च कंपनीच्या वह्यांत पै-पैसा लिहिलेला आहे. हा एक खर्च तेवढा कोणाच्याच वहीत नाही.

त्या वेळी कायदा नव्हता असे नाही. १८५५ साली प्राणघातक अपघातांचा एक कायदा हिंदुस्थानात झाला होता. दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तर त्याच्या कुटुंबाला दिवाणी कोर्टात दावा लावता येई. यातली मेख 'दुसऱ्याच्या चुकीने' या शब्दांत आहे. सरकणाऱ्या कड्याची चूक कशी शाबीत करायची? आणि मेलेल्याच्या बायकोने, कोणत्या वकिलाकरवी?

शिवाय विलायतेत एक न्यायतत्त्व रुजले होते, आणि साहेबाबरोबर इकडेही आले होते. १८३७ साली प्रीस्टली नावाचा एक खाटकाचा नोकर मटणाच्या अतिभाराने मोडलेल्या गाडीवरून पडला, मांडी मोडली. त्याने फाउलर या आपल्या मालकावर दावा लावला, ज्यूरीने त्याला शंभर पौंड देवविले. पण वरिष्ठ न्यायाधीशांनी ते उलटविले. सोबतच्या नोकराने गाडी जास्त भरली असेल तर त्याला मालक काय करणार? नोकरी पत्करणारा त्यातला धोकाही पत्करतो. भीती वाटते तर त्याने गाडीवर चढू नये! या एका खाटकाच्या गाडीने पुढली कित्येक वर्षे खाणीत, गिरणीत, रेल्वेत मेलेल्या माणसांची वाट अडवून धरली. सोबत्याची चूक असेल तर मालक मोकळा, आणि कारखान्यात सोबती नाही तर दुसरे असते कोण?

आता मुंबईकडे वळतो, कारण कारखाने प्रथम तिथे झाले. १८८१ चा पहिला कारखाना कायदा मुख्यतः मुलांच्या कामाच्या तासांसाठी होता. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या यंत्राच्या कारखान्यांना तो लागू होता आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावे असे त्यात होते. कुंपण न घातल्यामुळे ज्याचा हात जाईल त्याला काय, हा प्रश्न त्या कायद्याने विचारलाच नाही. तो विचारला नारायण मेघाजी लोखंडे यांनी.

लोखंडे मूळचे आपल्या पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरच्या कुटुंबातले. जन्म १८४८ चा. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधू' पत्राचे चालक. रेल्वे आणि पोस्टात नोकरी करून ते मुंबईच्या एका गिरणीत भांडारपाल झाले. म्हणजे स्वतः साच्यावर उभे राहणारे नव्हते, पण साच्यावरून येणारी माणसे कोणत्या स्थितीत येतात हे रोज पाहणारे होते. १८८४ साली मुंबईत कारखान्यांविषयी सरकारी कमिशन बसले, तेव्हा लोखंड्यांनी सप्टेंबरच्या २३ आणि २६ तारखांना कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. पाठ्यपुस्तकात आपण वाचतो ते एवढेच, की त्यांनी रविवारची सुटी मागितली. अर्जात सुटी होतीच. दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम असावे असे होते, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत मिळावा असेही होते. पण आणखी एक मागणी होती, आणि ती कोणी सहसा सांगत नाही. कामावर असता कामगाराला मोठी दुखापत झाली तर बरा होईपर्यंत त्याला पुरा पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची योग्य तरतूद व्हावी.

मंडळी, या मागणीत चूक कोणाची हा शब्द नाही. दुखापत झाली, कामावर झाली, बस्स. ज्या साली जर्मनीत बिस्मार्कने अपघातविम्याचा कायदा केला ते सालही १८८४ च. विलायतेत चुकीचा प्रश्न बाजूला ठेवणारा कायदा व्हायला १८९७ साल उजाडले. परळच्या मैदानात जमलेल्या, बहुतेक निरक्षर माणसांना बर्लिनमध्ये काय शिजते आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्याकडे जे जे चांगले ते साहेबाने दिले असे मानणारे लोक मला सभांतून भेटतात. त्यांना मी हा अर्ज दाखवितो. साहेबाच्या घरी अजून खाटकाची गाडी अडून होती, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगाराने हे मागितले होते.

रविवार १८९० साली मिळाला. सहा वर्षे लागली. बोटांना चाळीस वर्षे लागली. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगात रुग्णसेवा करताकरताच गेले. त्यांना हा दिवस दिसला नाही.

पहिल्या महायुद्धानंतर वारे बदलले. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना निघाली, १९२० साली आपल्याकडे आयटक निघाली, आणि मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या वतीने ना. म. जोशी बसू लागले. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ साली मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याची मांडणी आता थोडी सावकाश पाहू, कारण माझ्या सगळ्या बोलण्याचा गाभा इथे आहे.

कायद्याने दोनच गोष्टी विचारल्या. अपघात कामामुळे झाला काय? आणि काम चालू असताना झाला काय? दोन्हींचे उत्तर होय असेल तर मालकाने पैसे द्यावेत. मालक सज्जन आहे की दुर्जन, चूक फोरमनची की कामगाराची स्वतःची, हे पाहू नये. माणसाकडून चूक होणारच हे कायद्याने धरूनच ठेवले. बारा तास एकच काम करणाऱ्याचा हात एकदा चुकणार, आणि तो चुकण्याची किंमत धंद्याच्या खर्चात धरली पाहिजे, जशी आपण पट्टा तुटण्याची, बेअरिंग झिजण्याची धरतो. काही अपवाद ठेवले: दारूच्या अमलाखाली असणे, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे, यंत्रावरचे संरक्षक कुंपण जाणूनबुजून काढणे. या तिसऱ्या अपवादाकडे मी पुन्हा येईन.

आणि मग कायद्याच्या शेवटी एक कोष्टक होते. उजवा हात कोपराच्या वर गेला तर सत्तर टक्के. डावा गेला तर साठ. पाय गुडघ्यावर साठ, गुडघ्याखाली पन्नास. एक डोळा तीस. अंगठा पंचवीस, तर्जनी दहा, बाकीचे कोणतेही बोट पाच. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम. मृत्यूला तीस महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांतलीही कमी असेल तीच. म्हणजे महिना तीस रुपये मिळविणाऱ्या माणसाच्या आयुष्याची किंमत ९०० रुपये, अंगठ्याची ३१५, तर्जनीची १२६, करंगळीची ६३. उजव्या आणि डाव्या हातातला फरकही १२६ रुपयेच येतो. डावखुऱ्याने काय करावे हे कायद्याला सुचले नव्हते. पुढे हा फरक काढून टाकला गेला.

हे कोष्टक मी कामगारांच्या शिबिरात वाचतो तेव्हा कोणी तरी उठून म्हणतो, "म्हणजे खाटकाच्या दुकानातला भाव झाला की हो!" पुष्कळ सुशिक्षितांनाही त्याची किळस येते. माणसाचे बोट म्हणजे काय वांगी आहेत? मी त्यांना एवढेच म्हणतो, की भाव लिहिलेला नव्हता तेव्हा बोटाची किंमत अमूल्य नव्हती. ती शून्य होती. किंवा मालकाच्या मर्जीची होती, आणि मर्जीचे पैसे घेताना मान खाली घालावी लागते. भावाचा कागद हाती असला की माणूस मान वर करून म्हणू शकतो, "साहेब, माझे तीस टक्के झाले." मला हे कोष्टक कितीही रुक्ष असले तरी आवडते.

यानंतरचा इतिहास भराभर सांगतो. १९४३ मध्ये डॉ. आंबेडकर मध्यवर्ती सरकारात मजूरमंत्री असता प्रा. आडारकर यांच्याकडे आरोग्यविम्याची योजना सोपविली गेली. १९४४ च्या त्यांच्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि १९५२ साली कानपूर-दिल्लीपासून त्याची सुरुवात झाली. जिथे हा विमा लागू आहे तिथे भरपाई विमा महामंडळाने द्यायची, मालकाकडे जायचे नाही. भरपाईच्या मूळ कायद्यात १९८४ साली मोठी दुरुस्ती झाली: वयानुसार एक गुणक आला आणि 'यांतली कमी असेल ती' हे शब्द जाऊन 'यांतली जास्त असेल ती' हे शब्द आले. लोखंड्यांच्या अर्जाला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती. ठरवून झाले असेल असे वाटत नाही. २००९ च्या दुरुस्तीने कायद्याच्या नावातला 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आला. २०१७ साली असे आले की भरपाईचा हक्क आहे हे मालकाने कामावर घेतानाच लेखी कळविले पाहिजे, नाहीतर दंड. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ चा कायदा स्वतंत्र उरला नाही. तो सामाजिक सुरक्षा संहितेच्या पोटात गेला. आयुक्ताच्या ठिकाणी सक्षम प्राधिकारी हा शब्द आला, घरून कामावर जातायेता होणाऱ्या अपघाताचाही संबंध जोडता येईल असे कलम आले. मूळ सांगाडा, ते दोन प्रश्न आणि ते कोष्टक, कायम आहे.

एक गोष्ट मात्र इथे थांबून सांगितली पाहिजे. लोखंड्यांनी दुखापतीच्या काळात पुरा पगार मागितला होता. १९२३ च्या कायद्याने अर्धा दिला, तोही पहिले दहा दिवस सोडून. राज्य विम्यात नव्वद टक्के मिळतात. भरपाईच्या कायद्यात प्रमाण शेवटपर्यंत निम्म्याचेच राहिले. १८८४ च्या त्या अर्जातली ही ओळ अजून पुरी मान्य झालेली नाही.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे येऊ. घोडनदी आणि भीमा यांच्या काठचा हा मुलूख पूर्वी ज्वारी-बाजरीचा. पाणी आले, ऊस आला. न्हावऱ्याला घोडगंगा, पाटसला भीमा असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. केडगाव-पारगावकडे गुऱ्हाळे पेटली. मग गेल्या तीसेक वर्षांत रांजणगाव, सणसवाडी, कोरेगाव भीमा आणि तिकडे दौंडजवळ कुरकुंभ येथे लोखंड, मोटारींचे भाग, रसायने यांचे कारखाने आले. एका पिढीच्या आत शेतकऱ्याचा मुलगा पॉवर प्रेसपुढे उभा राहिला. कारखान्यांविषयी मी तक्रार करीत नाही. त्यांनी घरोघर चूल पेटविली आहे. पण दुखापतीच्या दृष्टीने पाहू गेले तर इथे माणसांचे चार थर पडलेले दिसतात.

दौंडचा रेल्वे कामगार सर्वांत वर. १९२३ पासून तो कायद्यात आहे, त्याची नोंद होते, पंचनामा होतो, कागद हलतो, उशिरा का होईना. त्याच्या खालोखाल मोठ्या कारखान्यातला कायम कामगार. तिसरा ठेकेदाराचा माणूस. एकाच यंत्रावर, एकाच गणवेशात, पण ओळखपत्रावर दुसरेच नाव. याच्यासाठी १९२३ च्याच कायद्यात बारावे कलम होते: ठेकेदाराच्या माणसाला अपघात झाला तरी मूळ मालकाने भरपाई द्यावी आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. फार शहाणपणाचे कलम. शंभर वर्षांपूर्वी ज्याने ते लिहिले त्याला ठेकेदारीचे पुढचे सगळे नाटक दिसले असावे. प्रत्यक्षात होते असे, की अपघात झाल्याबरोबर ठेकेदार गडप होतो, कारखाना म्हणतो आमच्या हजेरीवर हा नाही, आणि मुलगा बिहारचा किंवा मराठवाड्याचा असेल तर टाके निघायच्या आत त्याला गाडीत बसवून दिलेले असते.

चौथा थर ऊसतोडीचा आणि गुऱ्हाळाचा. ऊसतोडीत नवराबायको मिळून 'एक कोयता'. दोन माणसांचा हिशेब एका हत्याराच्या नावाने. मुकादमाची उचल घेऊन ते येतात, कारखान्याचा ऊस तोडतात, पण कारखान्याच्या आवारात नव्हे, शेतकऱ्याच्या रानात. बाराव्या कलमातच अशी अट होती की अपघात मूळ मालकाच्या कामाच्या जागेत किंवा तिच्या आसपास झालेला असावा. ट्रॉलीखाली सापडलेल्या बाईचे प्रकरण या एका अटीवर वर्षानुवर्षे अडते. ऊस कारखान्याचा, रान शेतकऱ्याचा, ट्रॅक्टर वाहतूकदाराचा, बाई मुकादमाची, आणि पाय मात्र तिचा एकटीचा.

गुऱ्हाळाची गोष्ट निराळी. पहाटे चरकात मोळी सारताना पेंगलेल्या माणसाचा हात रुळांत जातो. विजेवर चालणारा चरक मागे फिरवायची सोय नसली तर मोटार बंद करून रूळ ढिले करीपर्यंत जी मिनिटे जातात ती ज्याने पाहिली तो विसरत नाही. मी एकदा पाहिली आहेत. लोकांची अशी समजूत आहे, गुळव्याचीही आणि मालकाचीही, की गुऱ्हाळ म्हणजे काही फॅक्टरी नव्हे, तेव्हा कायदा इथे नाही. ही समजूत चुकीची आहे. फॅक्टरीच्या कायद्याला माणसांचा आकडा लागतो. भरपाईच्या कायद्याला, जिथे यंत्रशक्तीने माल तयार होतो, तिथे आकडा लागत नाही. चार माणसांचे गुऱ्हाळही त्यात येते. ट्रॅक्टरने किंवा विजेच्या यंत्राने चालणारी शेतीही येते, म्हणजे मळणीयंत्रावरची बाईही येते. हे वाक्य तुमच्यापैकी जे गुऱ्हाळवाले आणि बागाईतदार बसले असतील त्यांच्यासाठीच मी मुद्दाम म्हटले. रागावू नये. थोड्या हप्त्यात यासाठी विमा उतरविता येतो, आणि ज्याने उतरविला आहे तो रात्री सुखाने झोपतो.

मघाचा तिसरा अपवाद राहिला: यंत्राचे कुंपण काढण्याचा. पॉवर प्रेसला हात आत असता दाबणी खाली येऊ नये अशी योजना असते. ती चालू ठेवली की तासाला नग कमी निघतात. म्हणून ती बंद पडते. कोण बंद करतो? अपघाताच्या अहवालात नेहमी लिहिलेले असते की कामगाराने काढली. ज्याला तासाचा आकडा पुरा न केल्यास उद्या कामावर घेणार नाहीत त्याने ती काढली असेलही. पण 'जाणूनबुजून' या शब्दाचा अर्थ काय? १९९५ च्या दुरुस्तीने मृत्यू आणि पूर्ण अपंगत्व यांना हे अपवाद लागू राहिले नाहीत. राहिले ते कशाला? अंशतः अपंगत्वाला. म्हणजे बोटांना. नेमक्या त्याच जागी, जिथे आपल्या भागात सर्वांत जास्त माणसे जखमी झालेली मी पाहिली आहेत.

आता शेवटची गोष्ट, आणि ही माझ्या स्वतःच्या चुकीची आहे. चालकांना मी आधीच सांगितले होते की ती सांगितल्याशिवाय मला या विषयावर बोलण्याचा अधिकार नाही.

१९९८ साल. पुणे-नगर रस्त्यावरचा एक लहान कारखाना. नाव घेत नाही. पारनेरकडचा चोवीस वर्षांचा एक मुलगा प्रेसवर होता, पगार अठराशे रुपये. एका रात्रपाळीत त्याच्या उजव्या हाताची चारही बोटे गेली, अंगठा तेवढा राहिला. मालकाने त्याला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेले, बिल भरले, आणि मी खोटे सांगत नाही, त्याच्या डोळ्यांत पाणी होते. पंधरा दिवसांनी त्याने मला बोलाविले. मी संघटनेचा नवा चिटणीस. तो म्हणाला, "कोर्टकचेरी कशाला, मी रोख अठरा हजार देतो." अठरा हजार म्हणजे दहा महिन्यांचा पगार. मला वाटले, आपण मोठा विजय मिळविला. मुद्रांकाच्या कागदावर मजकूर तयार झाला: माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, मला रक्कम पोहोचली, यापुढे माझा कोणताही हक्क राहिला नाही. मी तो त्याला मोठ्याने वाचून दाखविला. मुलगा दहावी पास होता, पण उजवा हात बांधलेला, म्हणून डाव्या हाताचा अंगठा उठविला. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.

कायद्याचे पुस्तक मी विकत घेतले ते २००१ साली. सतरावे कलम वाचले: भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल. म्हणजे तो मुद्रांकाचा कागद, माझ्या सहीसकट, कायद्याच्या दृष्टीने कोरा होता! मग हिशेब मांडला. एका हाताची चार बोटे म्हणजे पन्नास टक्के. अठराशेचे साठ टक्के एक हजार ऐंशी. चोविसाव्या वर्षाचा गुणक २१८.४७. गुणाकार दोन लाख पस्तीस हजार नऊशे अठ्ठेचाळीस. त्याचे निम्मे एक लाख सतरा हजार नऊशे चौऱ्याहत्तर रुपये. मी त्याला अठरा हजार मिळवून दिले होते आणि पाठ थोपटून घेतली होती.

दावा लावण्याची मुदत दोन वर्षांची. ती टळली होती. पुरेसे कारण दाखविले तर उशीर माफ होऊ शकतो, हेही पुस्तकात होते. मी दुसऱ्याच दिवशी एस. टी. ने त्याच्या गावी गेलो. तो शाळेच्या पटांगणाजवळ एका टपरीवर बसत होता. सगळे समजावून सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "भाऊ, कागद तुम्ही वाचला होता. मी कागदाकडे नाही, तुमच्या तोंडाकडे बघून अंगठा लावला." अर्ज करायला त्याने नकार दिला. त्याचा धाकटा भाऊ त्याच मालकाकडे कामाला लागला होता. त्याच प्रेसवर की दुसऱ्या, ते मी विचारले नाही.

त्या कागदाची प्रत माझ्या फाइलीत पहिल्या पानावर आहे. कोणी मालक चांगुलपणाने रोख पुढे करतो तेव्हा मी ती काढून त्यालाच वाचून दाखवितो. काही जण रागावून उठून जातात, काही जण खुर्ची पुढे ओढतात.

कोष्टकाच्या मराठी प्रती मी आणल्या आहेत. चारच पाने आहेत. शरीराचे भाग डाव्या रकान्यात, टक्के उजव्या. मागल्या पानावर अपघाताच्या दिवशी काय काय लिहून ठेवायचे ते आहे: तारीख, वेळ, यंत्र, कोणाच्या हजेरीवर होता, कोणी पाहिले. दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. गुऱ्हाळवाल्यांनी दोन न्याव्यात, एक चरकाजवळ लावायला.